एकच बर्थ, दोन क्लिक: कॉम्प्युटर हे भांडण कसं मिटवतो?

गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडतं त्या सकाळी आठच्या ठोक्याला परळपासून विरारपर्यंत सगळे चाकरमानी मोबाईलला चिकटून बसलेले असतात. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, ज्याला जी मिळेल ती. बघता बघता वेटिंग लागतं, फॅमिली ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की काही मिनिटांत गाड्या फुल्ल. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली, पण ही धावपळ होती तशीच आहे.

दलालांचा विषय वेगळा, त्यात आज पडत नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. इतकी माणसं एकाच मिनिटाला त्याच मोजक्या डब्यांवर तुटून पडतात, तरीही एस-४ मधला ३२ नंबरचा बर्थ कणकवलीच्या एका घराला आणि कुडाळच्या दुसऱ्या घराला असा दोघांनाही विकला गेला, असं सहसा होत नाही. (आरएसीमध्ये साइड लोअरवर दोघं बसतात तो भाग निराळा, तो रेल्वेने जाणूनबुजून केलेला प्रकार आहे.) आपल्याला वाटतं त्यात काय विशेष, कॉम्प्युटर आहे, करतो बरोबर. पण खरं सांगायचं तर कॉम्प्युटरला सोडून दिलं तर तो हमखास चुकतो. तो चुकू नये म्हणून लोकांनी गेली साठेक वर्षं डोकं लावलंय, आणि ते नेमकं काय लावलंय ते आज बघू.

आधी दोन-तीन शब्द

चालू असलेल्या प्रोग्रामला म्हणतात प्रोसेस. तुमच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप चालू आहे, मागे गाणं वाजतंय, मॅप उघडा आहे, ह्या सगळ्या वेगवेगळ्या प्रोसेस. एकाच प्रोसेसच्या आत पण दोन-चार कामं एकाच वेळी चालू शकतात, त्यांना थ्रेड म्हणतात. आजच्या विषयापुरता दोन्हींत फार फरक करायची गरज नाही, म्हणून मी सरसकट प्रोसेसच म्हणेन, जाणकारांनी उगाच कमेंटमध्ये पकडू नये.

प्रत्यक्ष काम करतो तो प्रोसेसरचा कोर. आधी घरच्या कॉम्प्युटरला एकच कोर असायचा आणि दरवर्षी त्याचा वेग वाढायचा. मग वेग वाढवला की चिप तापायला लागली, गरमी आवरेना, म्हणून २००५ च्या सुमारास इंटेल आणि एएमडी दोघांनी घरगुती मशीनसाठी एका चिपमध्ये दोन कोर द्यायला सुरुवात केली. आता साध्या मोबाईलमध्येही आठ कोर असतात आणि सर्व्हरमध्ये शंभराच्या वर. म्हणजे खरोखर, शब्दशः, एकाच क्षणी आठ ठिकाणी आठ कामं चालू असतात. आणि ही आठही जणं एकाच मेमरीतली माहिती वाचतात आणि लिहितात. सगळी भानगड इथे सुरू होते.

शिल्लक एक, गिऱ्हाईक दोन

समजा डब्यात एकच जागा उरलीय. तिकीट देणाऱ्या प्रोग्रामचं काम वरवर बघता अगदी साधं आहे. शिल्लक किती ते वाच. शून्यापेक्षा जास्त असेल तर तिकीट दे. शिल्लक एकने कमी करून परत लिही.

आता दोन कोरवर दोन प्रोसेस हेच काम दोन गिऱ्हाइकांसाठी करतायत. पहिली वाचते, शिल्लक १. ती पुढची पायरी घेणार एवढ्यात दुसरीपण वाचते, शिल्लक १, कारण पहिलीने अजून काही लिहिलेलंच नाही. पहिली म्हणते आहे जागा, दिलं तिकीट, शिल्लक लिहिते ०. दुसरी पण म्हणते मी आत्ताच बघितलं की जागा आहे, दिलं तिकीट, शिल्लक लिहिते ०. दोन तिकिटं गेली, जागा एक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हिशेबात शिल्लक ० दिसतेय, म्हणजे वही बघणाऱ्याला काही चुकलंय असा संशयसुद्धा येणार नाही. घोळ कळणार तो थेट गाडीत, रात्री, दोन कुटुंबं सामान घेऊन समोरासमोर उभी राहिल्यावर.

दोन्ही प्रोसेसचा कोड बरोबर आहे बरं का. एकेकटी चालवून बघा, कधीच चुकणार नाही. चूक आहे ती बघणं आणि करणं ह्या दोघांच्या मधल्या फटीत. त्या फटीत दुसरं कोणी घुसलं की झालं. ह्याला म्हणतात रेस कंडिशन, म्हणजे कोण आधी पोचतो ह्यावर उत्तर बदलतं अशी परिस्थिती. आणि पुढे मी जे काय सांगणार आहे ते सगळं ही एक फट बुजवायच्या खटपटी आहेत.

"पण एवढ्या फास्ट मशीनमध्ये दोघं नेमके त्याच क्षणी येतील कशाला?"

येतात. ज्यांना थोडं प्रोग्रामिंग येतं त्यांनी घरी करून बघा. जावामध्ये एक आकडा घ्या, सुरुवातीला ०. दोन थ्रेड सोडा, प्रत्येकाने त्यात दहा लाख वेळा १ मिळवायचा. उत्तर २० लाख यायला पाहिजे. बहुतेक वेळा येत नाही, कमी येतं, आणि परत चालवलं की आणखी वेगळंच येतं. कारण "१ मिळव" हे आपल्याला एक काम वाटतं पण आत त्याचे तीन तुकडे असतात: आकडा मेमरीतून उचल, त्यात १ मिळव, परत मेमरीत ठेव. दोघांनी एकदम ५०० उचलला तर दोघंही ५०१ ठेवणार, दोन वेळा मिळवून एकच वाढला.

ह्याची एक मजा आहे. सगळ्यात वाईट नशीब असेल तर उत्तर किती लहान येऊ शकतं? बरेच जण म्हणतात दहा लाख. नाही, २ येऊ शकतं. पहिल्या थ्रेडने ० उचलला आणि तिथेच अडकला. दुसऱ्याने आपल्या दहा लाखांतल्या एक सोडून सगळ्या फेऱ्या मारल्या. आता पहिला जागा होतो आणि आपला जुना हिशेब म्हणजे १ ठेवून देतो, दुसऱ्याची सगळी मेहनत पुसली गेली. दुसरा आपल्या शेवटच्या फेरीसाठी तो १ उचलतो आणि अडकतो, तेवढ्यात पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवतो, मग दुसरा उठून २ ठेवतो. खेळ खल्लास. असं प्रत्यक्षात घडणं जवळपास अशक्य आहे, पण कोडमध्ये त्याला अडवणारं काहीच नाही हा मुद्दा आहे.

आणि वेगाचं म्हणाल तर ३ गिगाहर्ट्झचा कोर सेकंदाला ३०० कोटी ठोके मारतो. एखादी गोष्ट कोटीत एकदा बिघडत असेल तर अशा मशीनवर ती सेकंदाला कित्येक वेळा बिघडू शकते. फास्ट असणं हा इथे बचाव नाही, उलट त्याच्यामुळेच दुर्मीळ घोळ रोजचा होतो.

"मग एकच कोर ठेवा ना, कटकटच नको"

त्याने पण सुटत नाही. एका कोरवर ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्या प्रोसेसना आळीपाळीने थोडा थोडा वेळ देते, सेकंदाला शेकडो वेळा अदलाबदल होते, आणि ती नेमकी वाचणं आणि लिहिणं ह्यांच्या मधेच झाली तर वरचाच घोळ होतो. फरक एवढाच की एका कोरवर एक सोपा उपाय असतो. नाजूक काम चालू असेपर्यंत अदलाबदल बंद ठेवायची, त्याला इंटरप्ट बंद करणं म्हणतात, काम झालं की परत चालू. जुन्या सिस्टीम हेच करायच्या.

दोन कोर आले की हा उपाय निकामी. मी माझ्या कोरवरची अदलाबदल बंद केली तरी शेजारचा कोर आपला मोकळाच आहे, तो त्याच वेळी तीच माहिती बदलू शकतो. म्हणून एकापेक्षा जास्त प्रोसेसरच्या मशीनसाठी वेगळा विचार करावा लागला.

किल्ली खिळ्याला

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना ही सिस्टीम माहीत आहे. दोन-तीन बिऱ्हाडांत मिळून एक संडास, त्याला कुलूप, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली. किल्ली खिळ्यावर असेल तर घ्या आणि जा, नसेल तर कोणीतरी आत आहे, थांबा. आल्यावर किल्ली परत खिळ्यावर. कोणाला ओरडून विचारावं लागत नाही.

प्रोग्राममधलं लॉक म्हणजे हेच. शिल्लक जागांच्या आकड्याला हात लावायच्या आधी लॉक घ्यायचं, वाचणं-ठरवणं-लिहिणं तिन्ही उरकायचं, मग लॉक सोडायचं. दुसरी प्रोसेस आली तर तिला किल्ली मिळणार नाही, ती थांबेल, आणि तिचा नंबर येईल तेव्हा तिला शिल्लक ० दिसेल, बिचारीला वेटिंग मिळेल. फट बुजली.

बुजली का? जरा थांबा. लॉक हा पण शेवटी मेमरीतला एक आकडाच आहे. ० म्हणजे मोकळं, १ म्हणजे घेतलेलं. मग लॉक घेणारा प्रोग्राम काय करणार, तर आकडा बघणार, ० असेल तर १ लिहिणार. परत बघणं आणि करणं! दोघांनी एकदम ० बघितला तर दोघांच्याही हातात किल्ली. चाळीत हे होत नाही कारण किल्ली ही वस्तू आहे, एकाने उचलली की ती तिथे राहतच नाही, बघणं आणि उचलणं वेगळं करताच येत नाही. मेमरीतला आकडा मात्र दोघं वाचू शकतात आणि तो जागेवरच राहतो.

ह्या कोड्याने भल्याभल्यांना छळलंय. नुसतं वाचणं आणि नुसतं लिहिणं एवढ्याच दोन क्रिया हातात असताना बिनचूक लॉक बनवता येईल का? दोन प्रोसेसपुरतं उत्तर डच गणितज्ञ थिओडोरस डेकर यांनी काढलं. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये जेमतेम एका पानाचा पेपर लिहून कितीही प्रोसेस असल्या तरी चालेल असं उत्तर दिलं. १९७४ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टोकन नंबर घेऊन थांबायची पद्धत मांडली. १९८१ मध्ये गॅरी पीटरसन यांनी डेकरचं काम इतकं सोपं करून दाखवलं की आज कॉलेजात तेच शिकवतात. आपली मुलं सेमिस्टरला ते पाठ करून जातात आणि पेपर झाला की विसरतात, कारण प्रत्यक्षात आजची मशीन सहसा तो मार्ग वापरत नाहीत.

हार्डवेअरने मधे पडायचं ठरवलं

प्रत्यक्षातला उपाय चिप बनवणाऱ्यांनी दिला. त्यांनी प्रोसेसरमध्येच एक अशी सूचना, म्हणजे प्रोसेसर पाळतो तो हुकूम, दिली की जी बघणं आणि करणं एका दमात उरकते, मधे दुसऱ्या कोरला घुसताच येत नाही. अशा न तुटणाऱ्या क्रियेला ॲटॉमिक म्हणतात. १९६४ च्या आयबीएम सिस्टीम/३६० मध्ये टेस्ट अँड सेट नावाची अशी सूचना होती: जुना आकडा काय होता ते मला सांग आणि त्याच झटक्यात तिथे १ लिही. जुना ० होता असं कळलं तर लॉक तुम्हाला मिळालं. जुना १ होता तर ते आधीच कोणाकडे तरी आहे, तुम्ही परत १ लिहिलात त्याने काही बिघडलं नाही. आता किल्ली खरोखरची किल्ली झाली.

पुढे सिस्टीम/३७० मध्ये कंपेअर अँड स्वॅप आलं, ते आणखी कामाचं. त्यात म्हणायचं असतं की "इथे मला १ दिसला होता, तो अजूनही १ असेल तरच ० कर, नाहीतर मला सांग." म्हणजे वेगळं लॉक न घेता थेट शिल्लक जागाच कमी करता येते, मधल्या वेळात कोणी बदल केला असेल तर क्रिया फसते आणि तुम्ही नव्याने वाचून परत प्रयत्न करता. आज इंटेलच्या चिपपासून तुमच्या मोबाईलमधल्या एआरएमपर्यंत सगळीकडे ह्या जातीच्या सूचना आहेत. वर जावाचा प्रयोग सांगितला त्यातला साधा आकडा काढून ॲटॉमिक आकडा घाला, उत्तर दर वेळी बरोबर २० लाख येतं. आणि प्रोग्राम लक्षात येण्याइतका मंदावतो, तेही बघून ठेवा.

का मंदावतो? कारण प्रत्येक कोर आपल्या जवळच्या छोट्या आणि फास्ट मेमरीत माहितीची कॉपी ठेवतो, तिला कॅश म्हणतात. तिथून वाचायला चार-पाच ठोके लागतात, मुख्य मेमरीपर्यंत जायचं तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे ३०० ठोके. एका कोरने आकडा बदलला की बाकीच्यांकडच्या कॉपी रद्द कराव्या लागतात, नाहीतर ते शिळा आकडा वाचत बसतील. ही रद्द करायची निरोपानिरोपी चिपच्या आत सतत चालू असते. आठ कोर एकाच आकड्यासाठी भांडायला लागले की तो आकडा ह्या कॅशमधून त्या कॅशमध्ये फिरत राहतो आणि सगळा वेळ त्यातच जातो. एवढंच नाही, कॅश एकेक आकडा उचलत नाही, बहुतेक चिपमध्ये ६४ बाइटचा तुकडा एकदम उचलते, त्यामुळे दोन कोर दोन वेगळ्या आकड्यांवर काम करत असले पण ते आकडे मेमरीत चिकटून असले तरी भांडण होतं. कोडमध्ये काही चूक दिसत नाही, प्रोग्राम नुसता रडत रडत चालतो. हे शोधताना अनुभवी लोकांची पण वाट लागते.

एक आणखी चक्रावणारी गोष्ट. प्रोसेसर तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच काम करतो असं समजू नका. वेळ वाचवायला तो लिहायची कामं थोडी मागे ठेवतो आणि वाचायची पुढे ओढतो. एकट्याने चालताना फरक जाणवत नाही, पण शेजारच्या कोरला तुमच्या कामाचा क्रम उलटा दिसू शकतो. इंटेलवर हे थोडं होतं, मोबाईलच्या एआरएमवर बरंच जास्त. पीटरसनची कॉलेजातली पद्धत जशीच्या तशी आजच्या चिपवर चालवली तर ती ह्याच कारणाने फसू शकते. मग प्रोग्राममध्ये जागोजागी सांगावं लागतं की इथपर्यंतचं सगळं पूर्ण कर, मगच पुढे जा. त्याला मेमरी बॅरियर म्हणतात. चांगली बातमी अशी की तयार लॉक वापरलं तर हा बॅरियर त्यातच येतो. म्हणून स्वतःचं लॉक स्वतः बनवायला जाऊ नये, भाषेत दिलेलं आहे ते गुपचूप वापरावं.

थांबायचं, पण कसं?

किल्ली खिळ्यावर नाहीये. आता दोन मार्ग. एक तर तिथेच खिळ्याकडे बघत उभं राहायचं, आली की झडप. नाहीतर घरी जाऊन आडवं व्हायचं आणि किल्ली आली की हाक मारा म्हणून सांगून ठेवायचं.

पहिल्या प्रकाराला स्पिनलॉक म्हणतात. कोर सारखं तपासत राहतो, बाकी काही करत नाही, पण किल्ली मिळाल्याबरोबर निघतो. आतला माणूस क्षणभरात येणार असेल तर हेच बरं. दुसऱ्या प्रकारात प्रोसेस झोपते, कोर दुसऱ्याचं काम करतो, पण झोपवायला-उठवायला हजारो ठोके जातात. आजकालची बरीचशी लॉकं दोन्ही करतात, आधी थोडा वेळ ताटकळायचं आणि तरी नाही मिळालं तर झोपायचं. मोबाईलची बॅटरी टिकण्यात ह्या झोपेचा मोठा हात आहे.

जिथे एक नाही, चार-पाच सारख्या गोष्टी आहेत, तिथे लॉकऐवजी मोजणी ठेवतात: घेतलं की एक कमी, परत केलं की एक जास्त, शून्य झालं की थांबा. ह्याला सेमाफोर म्हणतात, तो पण डाइक्स्ट्रांचाच.

"सगळ्याला मिळून एकच मोठं कुलूप लावा, विषय संपला"

हा प्रश्न फार शहाणा आहे आणि मोठमोठ्या लोकांनी हेच केलंय. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालायला लागली, २.० व्हर्जनमध्ये, १९९६ साली, तेव्हा तिच्या अख्ख्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, एकच मोठं लॉक होतं. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये शिरणार, बाकीचे बाहेर. बिनचूक, पण बाकीचे प्रोसेसर नुसते ताटकळत. ते मोठं कुलूप फोडून त्याच्या जागी हजारो बारीक कुलपं लावायला किती वेळ लागला? शेवटचा तुकडा निघाला २०११ मध्ये, २.६.३९ व्हर्जनला. पंधरा वर्षं. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत पण असंच सगळ्याला मिळून एक लॉक आहे, त्यामुळे पायथनचे थ्रेड आठ कोरच्या मशीनवर पण एका वेळी एकच चालतात. ते लॉक नसलेला पायथन प्रयोग म्हणून मिळायला लागला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, ३.१३ बरोबर.

ह्यामागे एक साधं गणित आहे, १९६७ मध्ये जीन ॲम्डाल यांनी मांडलेलं. तुमच्या कामातला १० टक्के भाग असा असेल की तो एका वेळी एकानेच करायचा, तर तुम्ही हजार कोर आणा नाहीतर लाख, काम दहापटीपेक्षा जास्त फास्ट होऊ शकत नाही. तो १० टक्के तुमचा गळा धरून ठेवणार. आठ वाजता "सर्व्हर वाढवा की राव" असं आपण ओरडतो तेव्हा हे विसरतो की शेवटी भांडण त्याच एका डब्यातल्या त्याच मोजक्या बर्थसाठी आहे, आणि एका बर्थचा निकाल एका वेळी एकानेच लावायचा असतो. साइट उघडणं, गाड्या शोधणं, फॉर्म भरणं हे सगळं सर्व्हर वाढवून फास्ट होतं. शेवटचा तो क्षण होत नाही.

बारीक कुलपं, मोठी कोंडी

म्हणून अख्ख्या गाडीला एक लॉक न लावता प्रत्येक बर्थला वेगळं लावू. आता एका बाईंना ३१ आणि ३२ दोन्ही पाहिजेत, दुसऱ्या एका काकांना पण तेच दोन. बाईंच्या प्रोसेसने ३१ चं लॉक घेतलं आणि ३२ ची वाट बघतेय. काकांच्या प्रोसेसने आधी ३२ घेतलं आणि ३१ ची वाट बघतेय. दोघांपैकी कोणी हातातलं सोडणार नाही आणि दोघांनाही दुसरं मिळणार नाही. हा डेडलॉक. कोणी मधे पडलं नाही तर तो कधीच संपत नाही, आणि मशीन गरमसुद्धा होत नाही, नुसतं गप्प बसून राहतं.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: सगळ्यांनी लॉक नेहमी चढत्या नंबरानेच घ्यायची. आधी ३१, मगच ३२. काका पण आधी ३१ वर येतील, ते मिळालं नाही तर तिथेच थांबतील, ३२ अडवून बसणार नाहीत. कोंडी होऊच शकत नाही. पण मोठ्या प्रोग्रामवर शंभर माणसं काम करत असतील तर एखादा पठ्ठ्या हा नियम मोडतोच, म्हणून डेटाबेस, म्हणजे अशी सगळी माहिती सांभाळणारी सॉफ्टवेअर, स्वतः पण लक्ष ठेवतात. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस साधारण एक सेकंद थांबून बघतो की कोंडी झालीय का, आणि झाली असेल तर दोघांपैकी एकाचं काम रद्द करून टाकतो. त्या बिचाऱ्याला "पुन्हा प्रयत्न करा" दिसतं.

लॉकचा एक तिरपागडा प्रकार मंगळावर पण घडला. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर उतरलं, फोटोबिटो आले, आणि मग काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक लॉक घेऊन बसायचं. एका फार महत्त्वाच्या कामाला तेच लॉक पाहिजे असायचं, म्हणून ते थांबायचं, इथपर्यंत ठीक. पण मधल्या महत्त्वाचं तिसरंच काम यायचं, त्याला लॉक नकोच होतं, ते हवामानवाल्याला बाजूला सारून स्वतः चालत बसायचं. मग हवामानवाला लॉक सोडणार कधी? साहेब थांबलेले, शिपाई अडवलेला आणि मधला निवांत. शेवटी सुरक्षेचं घड्याळ म्हणायचं की काहीतरी गडबड आहे, रीसेट. पृथ्वीवर त्याच मशीनच्या नमुन्यावर इंजिनिअरांनी तो घोळ परत घडवून बघितला आणि मग इथून दुरुस्ती पाठवली: ज्याच्याकडे लॉक आहे त्याला, तेवढ्यापुरता, वाट बघणाऱ्या साहेबाचा दर्जा द्या. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होतीच, फक्त बंद ठेवलेली होती.

"हे लोक टेस्टिंग करत नाहीत का?"

करतात हो. पण ह्या जातीची चूक टेस्टिंगला भीक घालत नाही, कारण ती वेळेवर अवलंबून असते आणि ती वेळ लॅबमध्ये येतेच असं नाही.

थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं मशीन होतं, कॅनडात बनलेलं. १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिका-कॅनडात सहा पेशंटना त्याने भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही दगावले. त्यातला एक घोळ असा होता की ऑपरेटरने स्क्रीनवर उपचाराचा प्रकार चुकीचा टाकला आणि लगेच मागे जाऊन दुरुस्त केला, तर मशीनमधले चुंबक सेट व्हायला जे आठेक सेकंद लागायचे त्या वेळात केलेली दुरुस्ती एका प्रोसेसला कळायची आणि दुसरीला कळायचीच नाही. स्क्रीनवर एक, आत दुसरंच. नवखा ऑपरेटर सावकाश टाइप करायचा तेव्हा सगळं ठीक. हात बसलेला ऑपरेटर भराभर टाइप करायला लागला की घात. टेक्सासमधल्या हॉस्पिटलात तिथल्या फिजिसिस्टने ऑपरेटरला सोबत घेऊन पुन्हा पुन्हा तेच टाइप करून बघितलं आणि पुरेसा वेग आल्यावरच तो घोळ पकडला. आणखी एक वाईट भाग म्हणजे आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये पण अशाच चुका होत्या, पण त्यात धोका झाला की वीज तोडणारी वेगळी यंत्रणा होती. नव्या मॉडेलमध्ये सगळं सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलं.

दुसरं उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चं, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारियो अंधारात गेला, सुमारे पाच कोटी लोक. सुरुवात झाली ती ओहायोमध्ये विजेच्या तारा झाडांना लागण्यातून, पण कंट्रोल रूममध्ये बसलेल्या लोकांना ते कळलंच नाही, कारण धोक्याची घंटा देणारं सॉफ्टवेअर रेस कंडिशनमुळे तासाभराहून जास्त वेळ मुकाट अडकून पडलं होतं. बनवणाऱ्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ते सॉफ्टवेअर त्याआधी जगभरात मिळून ३० लाख तासांहून जास्त चाललं होतं आणि ही चूक एकदाही वर आली नव्हती. हा आकडा मला थेरॅकपेक्षाही जास्त भीतीदायक वाटतो.

आणि पैसे कापले, तिकीट नाही, ते कसं काय?

हा प्रश्न आल्याशिवाय मुंबईत ह्या विषयावर गप्पा पूर्ण होत नाहीत. आत्तापर्यंत जे लॉक बघितलं ते एका मशीनच्या किंवा एका डेटाबेसच्या आत चालतं. तुमचे पैसे बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, जागा रेल्वेच्या. दोघांची मेमरी एक नाही, त्यामुळे दोघांना मिळून एक न तुटणारी सूचना देताच येत नाही. मधे फक्त निरोप जातात, आणि निरोप उशिरा पोचतो किंवा हरवतो. बँकेने पैसे कापले आणि "कापले" हा निरोप वाटेत अडकला तर पलीकडच्याला काय कळणार, पैसे आलेच नाहीत की आले पण निरोप नाही आला?

जागा कायमची धरून ठेवता येत नाही, नाहीतर ज्यांचं नेट गेलं त्यांच्या नावावर अर्धी गाडी अडकून राहील. म्हणून अशा सिस्टीममध्ये लॉकला मुदत असते. सिनेमाचं तिकीट काढताना स्क्रीनवर उलटी गिनती चालते ती हीच. मुदत संपली की जागा परत सगळ्यांना खुली होते, आणि पैशाचा निरोप त्यानंतर आला तर तिकीट देता येत नाही, पैसे परत पाठवावे लागतात. परत यायला दिवस लागतात कारण रात्री दोन्हीकडच्या वह्या जुळवून मगच ते ठरतं.

आणि प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा नंबर दिलेला असतो, म्हणजे तोच निरोप दोनदा पोचला तरी नंबर बघून दुसरा टाकून दिला जातो. पण तुम्ही घाबरून मागे गेलात आणि पहिल्यापासून नवीन बुकिंग करून परत पैसे भरलेत, तर तो नवीन नंबर, नवीन व्यवहार, त्याला ही सोय लागू होत नाही. तेव्हा स्क्रीन अडकली तर आधी बुकिंग हिस्टरीत जाऊन तिकीट खरंच आलं नाहीये ना ते बघा, मग दुसऱ्यांदा पैसे भरा.